पेट्रोलचा दिवा आणि पिठातली चावी

आमच्या मोटारसायकलच्या मीटरमध्ये एक पिवळा दिवा आहे. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पेट्रोल संपत आलं की त्यानं लागायचं आणि पेट्रोल टाकलं की विझायचं, एवढंच त्याचं काम. पेट्रोल दाखवणारा काटा या गाडीला पहिल्यापासूनच नाही. टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर जाऊन असा गंजून बसलाय की पान्ह्यानंसुद्धा हलत नाही. आमच्या भागात निम्म्या जुन्या गाड्या अशा कायम रिझर्व्हवरच चालतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा टाकीत किती उरलंय ते सांगणारा आमच्याकडं हा एकच साक्षीदार. मागच्या ऊसतोडीच्या हंगामात तो साक्षीदार फिरला.

टाकी भरली तरी दिवा लागलेलाच. पहिल्या दिवशी मला वाटलं, पंपावर आपल्याला कमी घातलं. तावातावानं झाकण उघडून बघितलं तर पेट्रोल गळ्यापर्यंत. मग वाटलं, होईल आपोआप नीट. आमच्या घरात बिघडलेली वस्तू आठ दिवस तशीच राहिली की ती बिघडलेली आहे हेच सगळे विसरतात. दिवा लागलेला असतोच, असं म्हणून आम्ही गाडी चालवत राहिलो.

आम्ही म्हणजे खरं तर आमची पोरगी. ती माजलगावला नर्सिंगचा कोर्स करते. सकाळी सातला दवाखान्यात हजर राहावं लागतं. आमचं गाव तेलगावपासून आत, फाट्यावर एसटी येते तेव्हा येते, आणि पहिली एसटी येईपर्यंत तिकडं डॉक्टरांचा राउंड उरकलेला असतो. हॉस्टेलला जागा नव्हती. म्हणून मी तिला ऊस निघालेल्या रानात माझी मोटारसायकल शिकवली. लोक बोलले. पोरीला स्कूटी घेऊन देत्यात, ही काय फटफटी देता, असं एकानं तोंडावर विचारलं. मी म्हणालो, ‘तू घेऊन दे स्कूटी, मी नको म्हणणार न्हाई.’

माझ्या बायकोनं गाडीला नकार दिला नव्हता, पण तिला रस्त्याची धास्ती होती. तिच्या सख्ख्या भावाचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेलेला आहे. आमच्याकडं हंगामात त्या ट्रॉल्या कशा चालतात ते रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही विचारा. मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि टेपचा आवाज असा की हॉर्न वाजवून घसा कोरडा पडला तरी ड्रायव्हरला पत्ता नाही. म्हणून पोरगी गाडी न्यायला लागली तशी बायको दर शनिवारी हेडलाइटच्या खाली लिंबू-मिरची बांधायची. थोडे दिवस चाललं. मग एकदा पोरगीच ते तोडून घरी घेऊन आली.

‘आई, हे न्हाई बांधायचं. पोरी हसत्यात. ट्रॉलीला बांधत्यात तसं दिसतं. मी आले की म्हणत्यात, आली ट्रॉली आली.’

‘हसू देत की.’

‘मला लाज वाटती.’

दोघींची अर्धा दिवस धुसफूस झाली. पुढच्या शनिवारी गाडीला लिंबू नव्हतं, त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्हतं. मी मनात म्हणालो, चला, मिटलं.

आणि मग तो दिवस आला. संध्याकाळची वेळ, पोरगी माजलगावहून निघालेली, दोन्ही बाजूला ऊस, आणि पेट्रोल संपलं. दिवा आधीपासून लागलेलाच होता, तर संपत आलंय हे तिला कळणार कसं? गाडी फुर्रफुर्र करून थांबली. तिनं ती बाजूला घेतली आणि ढकलायला लागली. दोघं गाडीवरून आले आणि तिच्या चालीनं चालत, काय झालं मॅडम, लिफ्ट देऊ का मॅडम, करत बऱ्याच लांबपर्यंत आले. तिनं मान वर केली नाही. पुढं ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. चुलीपुढं बसलेल्या एका बाईनं ते बघितलं आणि उठून असं काही बोलली त्या दोघांना, की ते गेले. तिनंच पोरीला कोपीत बसवलं, बिनदुधाचा चहा दिला. पोरीचा फोन आला तसा मी शेजाऱ्याची गाडी काढली आणि बाटलीत पेट्रोल घेऊन गेलो.

घरी आलो. बायकोनं पोरीला जेवायला वाढलं. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. मी तयारीत होतो की आता आरडाओरडा होणार, पण नाही. ती उठली, खुंटीवरची गाडीची चावी घेतली, ज्वारीच्या पिठाच्या डब्याचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घालून चावी पार तळाला नेऊन ठेवली.

‘तो दिवा ज्या दिवशी खरं बोलंल, त्या दिवशी चावी भेटंल,’ ती म्हणाली.

‘मग मी डूटीला कशी जाऊ?’

‘एसटीनं.’

‘एसटी टायमावर येती का?’

‘मग घरी बस.’

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी भाकरीकडं बघितलं. मला राग लवकर येतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण बायको आवाज न चढवता बोलली की माझी पंचाईत होते. तरी मी म्हणालो की नवा कॉक बसवून घेऊ. पेट्रोल कमी झालं की गाडी बंद पडेल, मग रिझर्व्हवर घ्यायची आणि पंप गाठायचा.

‘म्हणजे बंद तर पडणारच ना? ट्रॉलीच्या पुढं पडली तर?’

पोरगी म्हणाली, ‘मी रोज सकाळी कापसाच्या पऱ्हाटीची काडी टाकीत घालून बघत जाईन.’

‘आन संध्याकाळी? ती काडी फोन करून सांगंल का तुला?’

पोरगी एसटीनं जायला लागली. रोज उशीर. हजेरी लागेना. मग एक दिवस घरी आली ती डोळे सुजवूनच. तिकडच्या मॅडमनी सांगितलं होतं, सोमवारपासून वेळेवर आली नाहीस तर परीक्षेला बसू देणार नाही. दोन वर्षं शिकून ऐन वेळी पोरगी घरी बसणार, आणि कशापायी, तर हरभऱ्याएवढ्या दिव्यापायी! मला रात्रभर चीड येत राहिली.

शनिवारी मी बायकोकडून चावी मागून घेतली. दुरुस्तीपुरती चावी मिळायची, काम झालं की परत पिठात. तेलगावला मिस्तरीकडं गेलो. त्यानं दिवा बघितला, टाकी हलवली, कान लावला आणि निकाल दिला, ‘आतला फ्लोट गेलाय.’ फ्लोट म्हणजे टाकीत पेट्रोलवर तरंगणारा बोंडाएवढा डबा. तो खाली गेला की दिवा लागतो. टाक बाबा नवा, म्हणालो. त्यानं टाकी उतरवली, पेट्रोल काढलं, नवा फ्लोट बसवला, टाकी चढवली, पेट्रोल ओतलं. दुपार झाली. चावी फिरवली तर दिवा लागलेला.

‘मीटर गेलं असंल मग,’ मिस्तरी म्हणाला. त्यानं मीटरवर दोन टपल्या मारल्या. दिवा हसत होता जणू. मिस्तरीनं हात पुसले. ‘काका, एक काम करू. बल्बच काढून टाकू. दिवाच न्हाई तर टेन्शन न्हाई.’

माझं डोकं फिरलं. ‘अरे शहाण्या, उद्या पोराला ताप आला तर थर्मामीटर फोडशील का बे?’

‘तुमच्या भल्याचं सांगतो.’

‘माझं भलं मी बघतो. दे गाडी.’

त्यानं शांतपणे गाडी दिली, वर पाणीही विचारलं. मी प्यालो नाही. रस्त्यानं येताना तहान लागली तेव्हा वाटलं, प्यायला पाहिजे होतं.

राहिला रविवार. सकाळी भाकरी खाल्ली आणि गाडी अंगणात कडुलिंबाच्या सावलीला घेतली. पोरगी शेजारी पाट टाकून बसली. विहिरीवरची मोटार बंद पडली की मी जसं करतो तसं करायचं ठरवलं. तिथं मी वायरमनची वाट बघत बसत नाही. एक-एक भाग सोडवायचा आणि बघायचं, बिघाड याच्या अलीकडं आहे का पलीकडं. असं करत करत चोर सापडतो.

शेजारचे दोघं-तिघं आलेच. आमच्याकडं कुणी पान्हा हातात घेतला की वास लागल्यासारखे लोक येतात. एक म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी असंल. दुसरा म्हणाला गाडी आडवी पाडून उचला, टाकीत हवा धरली असंल. मी म्हणालो, ‘गाडी आडवी पाडल्यानं दिवा विझत असता तर मीच आडवा पडलो असतो.’ ते हसले आणि तंबाखू मळत उभे राहिले.

मी टाकीखालचा सॉकेट सोडला. फ्लोटकडून येणारी वायर तिथं जोडलेली असते. ती सुटली म्हणजे टाकीचा आणि दिव्याचा संबंधच तुटला. पोरीनं चावी फिरवली.

‘चालूच हाय,’ ती म्हणाली.

मी दोनदा तपासलं. वायर हातात लोंबकळत होती आणि दिवा तरी लागलेला. म्हणजे फ्लोट नवा काय, जुना काय, त्याचा काही दोष नव्हता. मिस्तरीनं उगाच टाकी खाली-वर केली. चोर वाटेत होता. टाकी आणि मीटरच्या मध्ये ही वायर कुठंतरी उघडी पडून लोखंडाला टेकत होती, आणि टेकली की दिव्याला वाटायचं, पेट्रोल संपलं.

हे एवढं कळलं म्हणून मी खूश झालो, पण पुढचा दीड तास त्या वायरीनं माझा अंत बघितला. सीट काढली, बाजूचं पॅनेल काढलं, बोट-बोट करत वायर न् वायर चाचपली. सगळीकडं धूळ आणि उंदरानं आणून ठेवलेला कापूस, बाकी काही नाही. ऊन पायावर आलं. शेजारी कंटाळून निघून गेले. घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि माझ्या मनात एकच, उद्या सोमवार. मी शिवी हासडली आणि हँडल धरून डावीकडं असं हिसडलं की गाडी स्टँडवरून निघायला आली.

‘पप्पा, विझला!’ पोरगी ओरडली.

‘काय?’

‘दिवा! परत फिरवा!’

मी हँडल सरळ केलं. दिवा लागला. डावीकडं पार वळवलं, विझला. उजवीकडं, लागला. आम्ही दोघं येड्यासारखं ते हँडल इकडून तिकडं करत राहिलो. म्हणजे चोर हँडलच्या मानेपाशी होता. तिथं हेडलाइटच्या मागून सगळ्या वायरींचा एक जुडगा खाली उतरतो. वरून तो दिसत नाही. खाली झोपून, मान वाकडी करून बघावं लागतं. माझ्या मानेला ते जमेना, म्हणून पोरगीच मोबाइलची बॅटरी लावून पुढच्या चाकाखाली उताणी पडली.

तिनं बॅटरी इकडून तिकडं फिरवली.

‘काय दिसतंय?’ मी विचारलं.

‘लिंबू,’ ती म्हणाली.

मला वाटलं, झाडाची लिंबोळी पडली असेल. तिनं हात आत घातला, खटपट केली आणि वाळून काळंठिक्कर पडलेलं लिंबू आणि दोन-तीन मिरच्या बाहेर काढल्या. त्याला लोखंडी तार. घराच्या स्लॅबच्या वेळी सळया बांधायला आणली होती त्यातली. त्या वायरींच्या जुडग्याला तसल्या तारेचे वेढेच वेढे. दर शनिवारी जुनं लिंबू ओढून काढलेलं, तार तशीच, त्याच्यावर नवी तार, नवं लिंबू. पिळून पिळून आवळलेली. एका तारेचं टोक पेट्रोलच्या वायरीच्या कातड्यातून आत घुसलं होतं आणि दुसरं गाडीच्या लोखंडाला टेकलेलं होतं.

‘अगं ए!’ मी ओरडलो. माझा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. ‘ए! बाहेर ये आधी!’

बायको पिठाच्या हातानं दारात आली. मी तारेचा एक तुकडा तिच्यासमोर धरला. ‘हे काय हाय? कावून बांधलंस हे? अन् बांधलंस ते बांधलंस, तारेनं? वायरीला? त्या मिस्तरीशी भांडलो मी काल! सगळं खोललं गाडीचं!’

ती तारेकडं बघत राहिली. ‘सुतळी तुटती,’ ती म्हणाली. ‘एकदा खड्ड्यातच तुटून पडलं होतं. म्हणून तार घेतली.’

‘आन आत कावून?’

‘हिला लाज वाटती ना. दिसू नये म्हणून आत बांधलं.’

मी अजून काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात तिनं तारेवरची नजर दिव्याकडं नेली, दिव्यावरून पोरीकडं, आणि तिचा चेहरा उतरला. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

‘म्हणजे त्या दिवशी ही रस्त्यात थांबली ती माझ्यामुळं,’ ती म्हणाली आणि उंबऱ्यावर मटकन बसली.

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला लई वाईट वाटलं. जी बाई ट्रॉलीच्या भीतीनं दर शनिवारी अंगणात गुडघे टेकून, आम्ही दोघं उठायच्या आधी, अंधुक उजेडात हात काळे करून घेत होती, तिला मी गावाला ऐकू जाईल असा ओरडलो होतो. मी पान्हा पुसत बसलो.

‘आता न्हाई बांधणार काहीच,’ ती म्हणाली.

पोरगी चाकाखालून सरकत बाहेर आली. पाठीला माती, गालाला ग्रीस. तिनं ते वाळलेलं लिंबू आईच्या मांडीवर ठेवलं.

‘बांध,’ ती म्हणाली. ‘पण सुतळीनं. आन पुढं बांध, हेडलाइटच्या खाली. वायरीला हात लावायचा न्हाई.’

‘पोरी हसतील की.’

‘हसू देत.’

तिनं तारेचे सगळे वेढे पक्कडीनं तोडले, उघड्या पडलेल्या वायरीला काळी टेप गुंडाळली, मी सॉकेट परत लावला. चावी फिरवली. दिवा विझलेला. हँडल डावीकडं, उजवीकडं, सरळ. विझलेलाच. मला वाटलं काम झालं. पण बायको उंबऱ्यावरून उठून आली.

‘विझला ते बघितलं. लागतोय का ते दाखवा.’

बरोबर होतं तिचं. मग मी टाकीत नळी घातली आणि पेट्रोल कॅनमध्ये उतरवायला सुरुवात केली. ती मीटरवर डोळा लावून बसली. कॅन भरत आला तसा तो पिवळा ठिपका आधी लुकलुकला आणि मग नीट लागला. पेट्रोल परत ओतलं, विझला. ‘अजून एकदा,’ ती म्हणाली. मी अजून एकदा केलं. माझ्या तोंडाला पेट्रोलची चव आली होती.

सोमवारी सकाळी गाडीच्या पुढं ताजं लिंबू होतं, पांढऱ्या सुतळीत, सगळ्या जगाला दिसेल असं. वार शनिवार नव्हता, तरी होतं. बायकोनं पिठाच्या डब्यात हात घातला आणि चावी काढून पोरीच्या हातावर ठेवली. चावीच्या खाचांत पीठ बसलं होतं. पोरीनं फुंकर मारली, पंजाबी ड्रेसला पुसली, गाडी सुरू केली आणि गेली. फाट्याच्या वळणापर्यंत आवाज येत होता, तोपर्यंत आम्ही दोघं अंगणातच उभे होतो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी फोन वाजला. गाडी माझी, टाकीत नळी घालून पेट्रोल ओढलं मी, पण फोन आला आईला. तिनं पिठाच्या हातानंच मोबाइल कानाला लावला.

‘आई, दिवा लागलाय. तेलगावच्या अलीकडं. पंपावर थांबलेय, पेट्रोल टाकते आणि येते. चहा ठेव.’

‘बरं,’ बायको म्हणाली. फोन ठेवला. त्या दिवशी पोरगी कोपीतून फोन करत होती तेव्हा बायको रडली नव्हती, तारेचा तुकडा बघितला तेव्हाही रडली नव्हती. आता चुलीपुढं बसून ती हुंदके देऊन रडायला लागली.

‘अगं, पेट्रोल संपत आलंय एवढंच सांगितलं ना तिनं,’ मी म्हणालो. ‘त्यात रडायला काय झालं?’

‘तुमाला न्हाई कळायचं,’ ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले, चहाचं आधण ठेवलं आणि परातीतलं पीठ पुढं ओढलं.